दगड वाचणारा कॅडेट : हेन्री रॉलिन्सन

मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर मंदिराला शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजीराजे यांनी १६६९ मध्ये एक गाव इनाम दिले. साडेतीनशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आज आपल्याला माहीत आहे, कारण ती दगडावर कोरून ठेवली होती आणि ती लिपी वाचणारी माणसे होती.

याच बंगळुरात कस्तुरबा रस्त्यावरच्या सरकारी संग्रहालयात बेगूर गावाहून आणलेला एक मोठा वीरगळ आहे. त्यावर सुमारे अकराशे वर्षांपूर्वीची लढाई कोरलेली आहे. हत्ती, घोडे, धनुर्धारी, तलवारी आणि जमिनीवर पडलेली माणसे, सगळी एकमेकांत मिसळलेली. दगडावरचा लेख वाचल्यावर कळते, की गंग राजाच्या पदरचा नागत्तर हा सरदार शत्रूच्या हत्तींशी लढताना पडला, त्याची ही आठवण. लेख नसता तर आपण चित्र पाहिले असते, पण माणूस कळला नसता.

आता अशी कल्पना करा, की एका शिळेऐवजी राजवाड्यांच्या भिंतीच्या भिंती लढायांच्या चित्रांनी भरल्या आहेत. किल्ल्यांना वेढे पडले आहेत, तट फुटत आहेत, कैद्यांच्या रांगा चालल्या आहेत. चित्रांवरून बारीक खिळ्यांसारख्या खुणांच्या ओळी गेल्या आहेत. पण त्या वाचू शकेल असा एकही माणूस पृथ्वीवर उरलेला नाही. आजच्या इराकमध्ये सापडलेल्या असीरियाच्या राजवाड्यांची हीच अवस्था होती. त्या खुणा बोलत्या करणाऱ्यांत ज्याचे नाव पुढे घेतले जाते, तो पेशाने सैनिक होता. त्याची नोकरी सुरू झाली ती मुंबईत, वयाच्या सतराव्या वर्षी, कॅडेट म्हणून. त्याचे नाव हेन्री क्रेझिक रॉलिन्सन.

मुंबईचे दिवस

रॉलिन्सनचा जन्म एप्रिल १८१० मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरातील चॅडलिंग्टन या खेड्यात झाला. वडिलांना शर्यतीच्या घोड्यांचा नाद. पुढे त्यांच्याच एका घोड्याने डर्बीची शर्यत जिंकली. अशा घरात मुलगा चालायला शिकतो तेव्हाच बसायलाही शिकतो, म्हणजे घोड्यावर. शाळेत त्याने लॅटिन आणि ग्रीक बऱ्यापैकी केले, पण विद्यापीठाची पायरी तो कधी चढला नाही. १८२७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत त्याला जागा मिळाली आणि तो जहाजात बसला.

तेव्हा सुएझचा कालवा नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून मुंबई गाठायला महिनेच्या महिने लागत. त्याच जहाजावर मुंबईचे नवे गव्हर्नर सर जॉन माल्कम होते. माल्कम स्वतः सैनिक, इराणमध्ये वकील म्हणून जाऊन आलेले आणि इराणचा इतिहास लिहिलेले. डेकवरच्या लांबलचक संध्याकाळी ते इराणच्या गोष्टी सांगत आणि हा सतरा वर्षांचा मुलगा त्या ऐकत बसे. पुढच्या सगळ्या आयुष्याची दिशा बहुधा तिथेच ठरली.

मुंबईत उतरल्यावर बरोबरीचे तरुण अधिकारी शिकार आणि मेजवान्या यांत रमले. रॉलिन्सनही त्यांत मागे नव्हता, पण तो भल्या पहाटे उठून मुनशीकडे धडे घेत असे. हिंदुस्तानी आणि फार्सी त्याने इतक्या लवकर आत्मसात केल्या, की वर्ष-दीड वर्षातच पहिल्या ग्रेनेडियर पलटणीचा दुभाषा आणि पगार वाटणारा अधिकारी म्हणून त्याची नेमणूक झाली. आज आपल्या सेनेत जी ग्रेनेडियर्स रेजिमेंट आहे, तिची परंपरा मुंबईच्या या जुन्या पलटणींपर्यंत जाते.

मैदानावरही त्याचा दबदबा होता. पुण्याहून पनवेलपर्यंत घोड्यावरून चार तासांच्या आत जाऊन दाखवीन अशी पैज त्याने लावली. अंतर सुमारे ७२ मैल आणि मध्ये बोरघाट. टप्प्याटप्प्यावर ताजे घोडे उभे करून त्याने ते तीन तासांहून थोड्याच अधिक वेळात तोडले. ज्यांनी खंडाळ्याचा उतार पाहिला आहे त्यांना यात काय धाडस होते हे सांगायला नको.

बेहिस्तूनचा कडा

१८३३ मध्ये इराणच्या शाहाच्या फौजेला कवायत शिकवण्यासाठी कंपनीने काही अधिकारी पाठवले. फार्सी उत्तम येत असल्यामुळे त्यांत रॉलिन्सनची निवड झाली. दोन वर्षांनी त्याची रवानगी किरमानशाह प्रांतात झाली. तिथून घोड्यावरून दिवसभरात जाऊन येता येईल अशा अंतरावर बेहिस्तूनचा डोंगर आहे.

हा डोंगर म्हणजे बगदादहून हमदानला जाणाऱ्या जुन्या वाटेवर सरळ उभा राहिलेला दगडी कडा. त्यावर, खालून मान मोडेपर्यंत वर पाहावे लागेल एवढ्या उंचीवर, एक भव्य उठावशिल्प आहे. एक राजा उभा आहे, त्याचा पाय खाली पडलेल्या माणसाच्या छातीवर आहे. राजासमोर नऊ जण रांगेत उभे आहेत, हात पाठीमागे बांधलेले, गळ्यात एकच दोर. चित्राभोवती कीलाकार लिपीचे मोठमोठे रकाने आहेत. ओल्या मातीवर बोरूचे टोक दाबले की खिळ्यासारखी खूण उठते. तशा खुणांची ही लिपी, म्हणून तिला कीलाकार म्हणतात.

हे शिल्प काही नव्याने सापडलेले नव्हते. शेकडो वर्षे व्यापारी, यात्रेकरू आणि वकील त्याखालून जात होते. एका फ्रेंच प्रवाशाला ते येशूचे बारा शिष्य वाटले. एका इंग्रज प्रवाशाला ती कैद करून नेलेली इस्राएलची कुळे वाटली. चित्र डोळ्यांसमोर असूनही मजकूर वाचता आला नाही की काय होते, याचे हे चांगले उदाहरण.

रॉलिन्सनने ठरवले, की मजकूर उतरवून घ्यायचा. शिल्प खोदून झाल्यावर कारागिरांनी खालचा कडा तासून गुळगुळीत केला होता, कोणी वर येऊन त्याला हात लावू नये म्हणून. रॉलिन्सन दोराशिवाय, हातापायांच्या आधाराने वर चढला. लेखाच्या पायथ्याशी जेमतेम दोन फूट रुंदीची कंगोऱ्यासारखी कडा होती. तिच्यावर शिडी टेकवायची, तीही जवळजवळ उभी. शेवटच्या पायरीवर उभे राहायचे, डावा हात आणि छाती खडकाला चिकटवायची, त्याच डाव्या हातात वही धरायची आणि उजव्या हाताने एकेक खूण उतरवायची. खाली तीनशे फुटांची दरी. १८३५ ते १८३७ या काळात कामातून सवड मिळेल तेव्हा तो हे करत राहिला.

पुढे १८४४ मध्ये उरलेला भाग उतरवताना मध्ये एक घळ लागली. तिच्यावर त्याने शिडी आडवी टाकली. पाऊल ठेवताच पायऱ्या सुटल्या, शिडीचा खालचा दांडा निखळून दरीत गेला आणि हा वरच्या दांड्याला लोंबकळत राहिला. सोबत्यांनी ओढून घेतले. त्यानंतर वेगळी शिडी आणून त्याने तेच काम पुन्हा केले आणि पुरे केले.

लेख तीन भाषांत होता : जुनी फार्सी, एलामी आणि बाबिलोनी. पहिली किल्ली सापडली ती नावांतून. जर्मनीत ग्रोटेफेंड नावाच्या शिक्षकाने १८०२ मध्ये एक तर्क लढवला होता. राजांचे लेख ठरावीक साच्याचे असतात : अमुक राजा, तमुकाचा मुलगा. तेव्हा जो शब्द पुन्हा पुन्हा येतो तो राजा असणार आणि त्याच्या शेजारचे शब्द बाप-लेकांची नावे असणार. ग्रोटेफेंडचे काम हाती नसताना रॉलिन्सननेही हमदानजवळच्या दोन लेखांवर हाच डाव टाकला. इराणच्या इतिहासातली बाप-लेकांची जोडी बसवून पाहिली, दारयवहु आणि त्याचा मुलगा क्षयार्ष, म्हणजेच डरायस आणि झर्क्सिस, आणि अक्षरे जुळू लागली.

आपल्याला गंमत वाटेल ती पुढची गोष्ट. अक्षरांना आवाज मिळाल्यावर जी भाषा बाहेर आली, ती संस्कृतची सख्खी बहीण निघाली. वडिलांसाठी शब्द पिता, भावासाठी ब्राता. संस्कृत आणि अवेस्ता यांच्या अभ्यासाचा आधार घेत रॉलिन्सनने वाक्ये लावली आणि बेहिस्तूनचा राजा अडीच हजार वर्षांनी बोलू लागला. तो होता डरायस. ख्रिस्तपूर्व ५२२ मध्ये गादीवर बसताच सगळीकडे बंडे झाली. एका वर्षात १९ लढाया लढून ती आपण कशी मोडली, हे त्याने तिथे सांगितले होते. ते ना येशूचे शिष्य होते, ना इस्राएलची कुळे. ते हरलेले बंडखोर होते.

कंदाहार आणि गझनी

ही सगळी विद्या फावल्या वेळची. मुख्य काम सैनिकाचे. १८३७ मध्ये खुरासानात त्याची गाठ अचानक कोसॅक स्वारांच्या एका तुकडीशी पडली. रशियाचा वकील काबूलकडे निघाला आहे हे त्याने ताडले आणि ती बातमी घेऊन सुमारे ७५० मैलांची मजल १५० तासांत मारून तो तेहरानला पोहोचला.

१८४० मध्ये त्याला कंदाहारला राजकीय अधिकारी म्हणून नेमले. पुढल्याच वर्षी अफगाणांचा उठाव झाला आणि काबूलमधली इंग्रजी फौज माघार घेताना नष्ट झाली. कंदाहार मात्र जनरल नॉट आणि रॉलिन्सन यांनी धरून ठेवले. मार्च १८४२ मध्ये नॉट बहुतेक फौज घेऊन शत्रूच्या मागे बाहेर पडला असताना रात्री हेरात दरवाज्यावर हल्ला आला. हल्लेखोरांनी काटक्यांचे भारे रचून दरवाजा पेटवला. आतल्या मोजक्या शिबंदीने रात्रभर लढून शहर राखले.

यातली एक गोष्ट चरित्रकाराने झाकून ठेवू नये अशी आहे. हल्ल्याच्या आधी, आतून दगा होऊ नये म्हणून, रॉलिन्सनने हजारो अफगाण रहिवाशांना घरेदारे सोडून शहराबाहेर काढले होते. दिवस थंडीचे होते. लष्करी दृष्टीने हिशेब बरोबर असेल. पण बायकामुले, गाठोडी आणि गुरे घेऊन वेशीबाहेर पडणाऱ्या माणसांच्या रांगा त्याने स्वतःच्या हुकमाने निघताना पाहिल्या होत्या. काही वर्षांनी अशाच रांगा त्याला दगडात कोरलेल्या दिसणार होत्या.

त्याच वर्षी फौज गझनीला पोहोचली. गव्हर्नर जनरल एलनबरो यांचा हुकूम होता, की महमूद गझनवीच्या कबरीचे दरवाजे सोमनाथ मंदिराचे आहेत, ते काढून हिंदुस्थानात आणावेत. रॉलिन्सनने दरवाज्यांवरची नक्षी आणि कुफी लिपीतला मजकूर तपासला. हे सोमनाथचे नव्हेत असे त्याचे मत झाले. हुकूम हुकूम असतो. दरवाजे निघाले, मिरवले गेले आणि आग्र्याच्या किल्ल्यात येऊन पडले. पण पुढे अभ्यासकांनी रॉलिन्सनचेच मत खरे मानले. वरिष्ठांना काय ऐकायला आवडेल यापेक्षा वस्तूवर काय लिहिले आहे हे पाहण्याची सवय त्याला लागली होती.

बगदाद : राजवाडे उघडतात

१८४३ मध्ये बगदादला राजकीय अधिकाऱ्याची जागा रिकामी झाली. दुसरीकडे चांगल्या पगाराच्या जागा मिळण्याजोग्या असताना रॉलिन्सनने बगदाद मागून घेतले, कारण तिथून बेहिस्तून जवळ होते. टायग्रिसच्या काठी त्याच्या बागेत एक लहानशी खोली होती. नदीतल्या रहाटाचे पाणी तिच्या छपरावर सतत पडत असे, तेवढ्यानेच उन्हाळ्यात आत बसणे शक्य होई. तिथे तो लेखांच्या नकला पसरून बसे. सोबतीला त्याने पाळलेला सिंहाचा छावाही असे.

१८४५ च्या अखेरीस उत्तरेला मोसूलजवळ हेन्री लेयार्डने निमरूदचे टेकाड खणायला सुरुवात केली आणि असीरियाचा राजा दुसरा अशुरनासिरपाल याचा राजवाडा बाहेर आला. ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातला. भिंतींना लावलेल्या दगडी फरश्यांवर युद्धाचा जणू चित्रमय अहवालच होता. तट फोडण्यासाठी चाकांवरचे ढुसणी देणारे यंत्र. तटाखाली सुरुंग खणणारे लोक. उंच ढालीआडून बाण मारणाऱ्या जोड्या, एक ढाल धरतो, दुसरा नेम धरतो. शिड्या लावून चढणारे पायदळ. फुगवलेल्या कातड्यांवर पोहत नदी ओलांडणारे शिपाई. तुमच्या नकाशावाचनाच्या आणि क्षेत्रकौशल्याच्या तासाला जे शिकवतात, त्यातले बरेचसे तिथे दगडात आहे.

या शिळांचा प्रवासही ऐकण्यासारखा आहे. फुगवलेल्या कातड्यांच्या तराफ्यांवरून त्या टायग्रिसने बसऱ्याला जात आणि तिथून जहाजाने मुंबईला. लंडनला जाण्यापूर्वी काही पेट्या मुंबईत उघडल्या गेल्या. लोकांनी त्या पाहिल्या, वस्तूंची उलथापालथ झाली आणि काही गहाळही झाल्या. निमरूदच्या असीरियन शिळा आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहता येतात. सुट्टीत मुंबईला गेलात तर चुकवू नका.

चित्रे मिळाली, पण त्यांवरचा मजकूर होता बेहिस्तूनच्या तिसऱ्या भाषेच्या कुळातला, म्हणजे बाबिलोनीसारखा. आणि बेहिस्तूनवरचा बाबिलोनी भाग पुढे झुकलेल्या खडकावर होता. तिथे रॉलिन्सनलाही पोहोचता आले नव्हते. १८४७ मध्ये तो पुन्हा गेला. डोंगरात वाढलेल्या माणसांनीही तिथे जाण्याची आशा सोडली होती. शेवटी दुरून आलेला एक कुर्द मुलगा तयार झाला. खडकाच्या भेगेत अंग घालून तो वर सरकला, एक लाकडी खुंटी ठोकली, तिला दोर बांधला. मग गुळगुळीत दगडाच्या बारीक खाचांत बोटे अडकवत तो लेखाच्या पलीकडे गेला, तिथे दुसरी खुंटी ठोकली आणि दोरांचा पाळणा केला. त्यात बसून, खालून रॉलिन्सन सांगेल तसे, ओले कागद दगडावर दाबून त्याने सगळ्या लेखाचे ठसे घेतले. त्या ठशांवाचून पुढचे काम अडले असते. त्या मुलाचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

बाबिलोनी लिपी भयंकर अवघड होती. जुन्या फार्सीला छत्तीस अक्षरे पुरत, इथे शेकडो चिन्हे. त्यातही एकाच चिन्हाचे अनेक उच्चार. या गुंत्यात रॉलिन्सनच्या बरोबरीने, आणि पुष्कळदा त्याच्या पुढे, एक माणूस चालत होता : आयर्लंडमधल्या खेड्यातला गरीब पाद्री एडवर्ड हिंक्स. त्याच्याकडे ना फौज, ना पद, ना बेहिस्तूनचे ठसे. निमरूदच्या काळ्या स्तंभावर शल्मनेसर राजापुढे नाक घासणारा राजा इस्राएलचा येहू आहे, हे हिंक्सने ओळखून आधी छापले. रॉलिन्सनने त्याला द्यायला हवे होते तेवढे श्रेय दिले नाही. मोठ्या माणसाचा हा दोष होता आणि तो लहान नव्हता.

लेयार्ड इंग्लंडला परतल्यावर निनवेच्या उत्खननाची देखरेख रॉलिन्सनकडे आली. कुयुंजिक टेकाडाचा उत्तर भाग त्याने फ्रेंचांना देऊन टाकला होता. पण मोसूलचाच रहिवासी असलेला हुरमुझ रस्साम याला खात्री होती, की काहीतरी मोठे आहे ते तिथेच. डिसेंबर १८५३ मध्ये त्याने रात्री, चांदण्यात, गुपचूप खणायला सुरुवात केली. तिसऱ्याच रात्री अशुरबनिपालच्या राजवाड्याची भिंत लागली : सिंहांच्या शिकारीची ती जगप्रसिद्ध शिल्पे. रस्सामच्या या कामाचेही श्रेय इंग्लंडमध्ये त्याला बराच काळ नीट मिळाले नाही.

सगळेच दगड सुखरूप पोहोचले असे नाही. मे १८५५ मध्ये फ्रेंचांचा ताफा नदीतून खाली येत असताना कुर्नाजवळ टोळ्यांनी हल्ला केला. दोनशेहून अधिक पेट्यांपैकी बहुतेक पाण्यात गेल्या. त्या आजही तिथल्या गाळात आहेत.

बंद लिफाफे

त्याच वर्षी घोड्यावरून पडून खांद्याचे हाड मोडल्यावर रॉलिन्सनने बगदाद सोडले. इंग्लंडात त्याचा सन्मान झाला, पण अनेकांना शंका होती. ही मंडळी खरेच वाचतात, की मनाला येईल ते सांगतात?

१८५७ मध्ये, इकडे हिंदुस्थानात उठाव पेटला त्याच वर्षी, लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने याचा निकाल लावला. पहिल्या तिग्लथपिलेसर राजाच्या मोहिमांचा, तोवर कोणी प्रसिद्ध न केलेला लेख चौघांना दिला : रॉलिन्सन, हिंक्स, टॅलबट आणि ओपर्ट. एकमेकांशी न बोलता चौघांनी भाषांतरे करून बंद लिफाफ्यांत पाठवली. परीक्षकांनी ती शेजारी शेजारी ठेवून पाहिली. काही ठिकाणी फरक होते, पण मुख्य मजकूर जुळत होता. असीरियाची भाषा वाचता येते, हे सिद्ध झाले. चाचणी कशी असावी याचा हा धडा आजच्या कोणत्याही प्रयोगशाळेला लागू आहे.

दगडावर काय नाही

लेख वाचता येऊ लागल्यावर चित्रांतल्या माणसांना नावे मिळाली. निनवेच्या एका दालनात लाखीश या शहराच्या वेढ्याची शिल्पे होती, ख्रिस्तपूर्व ७०१ मधली. मातीचा प्रचंड चढ रचून असीरियन फौज तटाला भिडली आहे. वरून मशाली आणि दगड पडत आहेत. दुसऱ्या बाजूने शहरातले लोक बाहेर पडत आहेत, बैलगाडीत सामान आणि मुले. राजा सिंहासनावर बसून लूट पाहतो आहे. पुढे विसाव्या शतकात लाखीशच्या जागी उत्खनन झाले, तेव्हा तो मातीचा चढ खरोखरच सापडला. शिल्पकाराने थाप मारली नव्हती.

पण त्याच मोहिमेत राजा सेनाखेरीबने जेरुसलेमलाही वेढा घातला होता. तिथल्या राजाकडून खंडणी घेतल्याचे त्याच्या लेखांत आहे. शहर जिंकल्याचे नाही. राजवाड्याच्या भिंतीवर मानाची जागा मिळाली ती लाखीशला. म्हणजे दगड खोटे बोलत नव्हता. तो काही गोष्टी गाळत होता.

आणि एक गोष्ट तर त्याने जवळजवळ सगळीकडेच गाळली आहे. असीरियाच्या युद्धशिल्पांत शत्रूचे मुडदे खच घालून पडलेले दिसतात, त्यांची मुंडकी मोजणारे कारकून दिसतात. असीरियाचा स्वतःचा शिपाई मात्र मेलेला दिसत नाही. एवढे वेढे, एवढ्या नद्या, एवढे तट, आणि आपल्या बाजूचा एकही गेला नाही? गेले असतीलच, हजारोंनी. राजाला ते भिंतीवर नको होते.

ख्रिस्तपूर्व ६१२ मध्ये निनवे पडले. आत शिरलेल्यांनी लाखीशच्या शिल्पातला राजाचा चेहरा फोडून ठेवला. तोही दगडाचाच एक मजकूर आहे.

अखेरची वर्षे

रॉलिन्सनने पुढे पार्लमेंटात आणि भारतमंत्र्यांच्या सल्लागार मंडळात काम केले, थोडे दिवस इराणमध्ये वकिलातही सांभाळली. पण त्याचे खरे काम चालू राहिले ब्रिटिश म्युझियममध्ये. निनवेला सापडलेल्या हजारो मातीच्या विटा वाचून त्यांचे पाच जाड खंड त्याच्या देखरेखीखाली निघाले. तिथे जेवणाच्या सुट्टीत विटा पाहायला येणाऱ्या जॉर्ज स्मिथ नावाच्या एका तरुण कारागिराला त्याने हेरले. नोटांचे ठसे कोरणारा, शाळा लवकर सुटलेला मुलगा. रॉलिन्सनने त्याला म्युझियममध्ये नोकरी मिळवून दिली आणि १८७२ मध्ये त्याच स्मिथने महापुराची प्राचीन कथा वाचून जगाला चकित केले. हिंक्सच्या बाबतीत झालेली चूक इथे थोडी तरी भरून निघाली असे म्हणता येईल.

५ मार्च १८९५ रोजी लंडनमध्ये रॉलिन्सनचे निधन झाले. त्याचा थोरला मुलगा, त्याचेही नाव हेन्रीच, सेनापती झाला. १९१६ मध्ये सोमच्या लढाईत ब्रिटिश चौथी आर्मी त्याच्या हाताखाली होती. १ जुलै या एकाच दिवशी ब्रिटिश फौजेचे सुमारे ५७,००० जवान मृत, जखमी वा बेपत्ता झाले. पुढे तो हिंदुस्थानचा सरसेनापती होता, त्याच काळात, मार्च १९२२ मध्ये, डेहराडूनचे मिलिटरी कॉलेज सुरू झाले. सोमच्या रणभूमीवर आज एक मोठी कमान आहे. तिच्यावर राजा नाही, सेनापती नाही. ज्यांचे देहसुद्धा सापडले नाहीत अशा ७२,००० हून अधिक सैनिकांची नावे आहेत. बापाने आयुष्य घालवले ते राजांच्या नावांचे दगड वाचण्यात. मुलाच्या लढाईचा दगड मात्र साध्या शिपायांच्या नावांनी भरला.

मित्रांनो, रॉलिन्सन परक्या सत्तेचा चाकर होता आणि त्या सत्तेच्या कामासाठीच तो आपल्या देशात आला होता, हे विसरायचे कारण नाही. पण पहाटे उठून परकी भाषा शिकणारा, फावल्या वेळाचे सोने करणारा आणि हुकमापेक्षा पुराव्यावर विश्वास ठेवणारा सैनिक म्हणून तो आपल्याला शिकवण्यासारखा आहे. त्याच्या चरित्रातही एका असीरियन शिळेसारखी गाळलेली जागा आहे. दोरावर लोंबकळणारा कुर्द मुलगा, हिंक्स, रस्साम, ही नावे आपण त्याच्या नावाशेजारी वाचली पाहिजेत.

आणि पुढच्या वेळी बाहेर जाण्याची परवानगी मिळेल तेव्हा कस्तुरबा रस्त्यावर बेगूरचा वीरगळ पाहायला जा. निनवेच्या राजांनी जो माणूस कधी दाखवला नाही, तो आपल्या गावकऱ्यांनी दगडाच्या मध्यभागी कोरला : आपल्याच बाजूचा, लढताना पडलेला माणूस. खाली त्याची लढाई आणि वर त्याचे नाव. बेगूरच्याच आणखी एका वीरगळावर बंगळूर हे नाव कोरलेले आढळते, तेही बंगळूरच्या लढाईत कामी आलेल्या एका माणसाच्या आठवणीसाठी. या शहराचे नाव आपल्याला राजाच्या विजयातून नव्हे, एका शिपायाच्या मरणातून मिळाले आहे. तो दगड उभा राहून वाचा. घाई करू नका.